सोनारानं कान टोचले, पुढे काय? केलॉइडच्या उपचारांचा इतिहास

चहाचा कप हातात घ्या आणि बसा निवांत.

‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. ज्याचं काम त्यानंच करावं, हा तिचा अर्थ. आज मात्र मी ही म्हण शब्दशः घेणार आहे, कारण आजचा विषय कानापासूनच सुरू होतो.

आमच्या मुलीचे कान बाळपणी टोचायचे राहून गेले. इथे बारशाला सोनार कुठून आणायचा? मग ‘मोठी झाली की तिचं ती ठरवेल’ असं आम्हीच ठरवलं. तिनं तेराव्या वर्षी ठरवलं. मॉलमधल्या एका दुकानात यंत्रानं दोन मिनिटांत काम झालं. चार महिन्यांनी डाव्या पाळीच्या मागे वाटाण्याएवढी टणक गाठ दिसायला लागली. ‘केलॉइड आहे, काढून टाकू’ म्हणत एका डॉक्टरांनी ती अर्ध्या तासात काढलीसुद्धा. आम्ही खूश. पुढच्या पाच महिन्यांत गाठ परत आली, ती बोराएवढी होऊन. खाज सुटायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. आणि नेहमी घट्ट वेणी घालणारी मुलगी केस मोकळे सोडून कान झाकायला लागली.

मी पेशानं आयटीतला सल्लागार. चार पर्याय शेजारी शेजारी मांडून गिऱ्हाइकाला तक्ता करून देणं हा माझा रोजचा उद्योग. म्हटलं, केलॉइडच्या उपचारांचाही तक्ता करू. बसलो, आणि लक्षात आलं की त्याआधी इतिहास वाचायला हवा. या दुखण्यावरचा जवळजवळ प्रत्येक उपाय आधीच्या उपायाच्या अपुरेपणातून जन्माला आलाय. तो क्रम कळला की तक्ता आपोआप उलगडतो. तोच क्रम आज तुम्हाला सांगतो.

आधी केलॉइड म्हणजे काय ते बघू. जखम झाली की शरीर तिथे कोलॅजन नावाचं तंतुमय द्रव्य तयार करून खिंडार बुजवतं. काम झालं की पेशी थांबतात आणि मागे वण राहतो. केलॉइडमध्ये त्या थांबत नाहीत. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर लूपमधून बाहेर पडायची अटच लिहायची राहून गेलेली असते. गवंडी भिंत पूर्ण झाल्यावरही विटा रचत राहतो.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. काही वण नुसतेच जाड आणि लाल होतात, पण मूळ जखमेच्या हद्दीतच राहतात आणि वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ बसतात. केलॉइड हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो आणि आपणहून क्वचितच जातो. कानाची पाळी, जबड्याची कडा, छातीचा मधला भाग, खांदा, दंडाचा वरचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. म्हणून आपल्यातल्या काहींचा बीसीजीच्या लशीचा वण वाढलेला दिसतो. अमेरिकेत ही लस सरसकट कधीच दिली गेली नाही, त्यामुळे इथला एखादा तरुण डॉक्टर त्या वणाकडे बघून ‘हे काय?’ असं विचारतो.

आता नावाची गोष्ट. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात जाँ-लुई आलिबेर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. १८०६ साली त्यांनी या वाढीचं वर्णन केलं. कडेनं फुटणारे फाटे बघून त्यांना खेकड्याचे पाय आठवले. सुरुवातीला त्यांनी दिलेलं नाव कर्करोगाशी नातं सांगणारं होतं. आपल्या ‘कर्करोग’ शब्दातला कर्क म्हणजेही खेकडाच, बघा! पुढे हा कर्करोग नाही हे ध्यानात आल्यावर गैरसमज नको म्हणून त्यांनी नाव बदललं, आणि खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘केलॉइड’ हे नाव रूढ झालं. दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी जी भीती दूर केली, ती अजून घराघरांत येते. म्हणून स्पष्ट सांगतो, केलॉइड म्हणजे कर्करोग नव्हे.

आपल्याकडे वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त गाठींच्या प्रकारांमध्ये ‘व्रणग्रंथी’ सांगितली आहे. जखम धड भरली नाही किंवा नुकतीच भरली, अशा जागी येणारी, आग आणि खाज असणारी गाठ. आजच्या केलॉइडशी ते वर्णन तंतोतंत जुळतंच असा दावा मी करणार नाही. पण जखमेच्या जागी गाठ येते आणि ती खाजते, हे आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्याच्याही आधीच्या सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर अख्खा अध्याय आहे. बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात असताना टोचावे, पाळी उन्हात धरून जिथून उजेड आरपार दिसतो तिथे टोचावे, मग तेलात भिजवलेली वात घालावी, चुकीच्या जागी टोचलं तर काय त्रास होतो, हे सगळं त्यात आहे. फाटलेल्या पाळ्या जोडायच्या पंधरा पद्धतीही आहेत.

तर सुरीची विद्या आपल्याला नवी नाही. पुण्याजवळची १७९३ सालची हकीकत तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळावरची कातडी मेणाच्या साच्यावरून आखून घेतली, खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. इंग्रजी नोंदीत हा कारागीर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला म्हटलंय, नाव मात्र दिलेलं नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही बातमी लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पेशव्यांच्या दरबारी असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्रही काढलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदानं १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक मुळी अशी आपल्या पुण्यात आहे.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ही. पण जी सुरी तुटलेलं नाक परत देते, तीच केलॉइडपुढे हरते, आणि आलिबेरनंतरच्या वैद्यकाला हे फार लवकर कळलं. गाठ कापली म्हणजे नवी जखम झाली. ज्या शरीराला जखम बुजवताना थांबता येत नाही, त्याला आपण आणखी एक जखम देतो. केलॉइड नुसता कापला, सोबत दुसरं काहीच केलं नाही, तर तो परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये शेकडा ४५ पासून १०० पर्यंत सांगितलं जातं. आमच्या घरी जे झालं ते नशीब नव्हतं, तो ठरलेला हिशेब होता.

(छोटा विराम)

आता अमेरिकेकडे वळू. इथल्या इतिहासात वाढलेल्या वणांचं एक छायाचित्र आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांनी ते शाळेच्या पुस्तकात पाहिलं असेल. १८६३ साली लुइझियानातल्या एका मळ्यावरून पळालेला एक गुलाम बॅटन रूज इथे उत्तरेच्या सैन्याकडे पोचला. पीटर किंवा गॉर्डन या नावानं तो ओळखला जातो. चाबकाच्या माराचे त्याच्या पाठीवरचे वण जाड दोरांसारखे वर आलेले होते. ते चित्र त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हार्पर्स वीकली’त छापून आलं आणि गुलामगिरी म्हणजे काय ते उत्तरेतल्या घराघरांत दिसलं. पुढे दहाच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे आपलं पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं.

हे सगळं का सांगतोय? कारण त्यानंतर बराच काळ केलॉइड म्हणजे ‘काळ्या लोकांच्या कातडीचं वैशिष्ट्य’ असंच वैद्यक मानत राहिलं. खरं म्हणजे तो कुठल्याही रंगाच्या माणसाला होतो. सावळ्या आणि काळ्या कातडीत जास्त होतो, आणि त्यात आपणही आलो. उपचार निवडताना आपल्या कातडीच्या रंगाचा विचार करावाच लागतो, आणि तो डॉक्टरांनी केला नाही तर आपण विचारावा लागतो. का ते आता कळेल.

सुरी हरल्यावर पहिली मदत आली ती क्ष-किरणांची. राँटगेननी १८९५ मध्ये हे किरण शोधले आणि १९०६ मध्ये फ्रान्समध्ये ते केलॉइडवर वापरल्याची नोंद झाली. आज ते बहुतेक शस्त्रक्रियेनंतर, लगेच एक-दोन दिवसांत सुरू करतात, म्हणजे नव्यानं जोमात आलेल्या पेशींना लगाम बसतो. पुनःपुन्हा उलटणाऱ्या गाठींवरचा हा सर्वांत बळकट उपाय समजला जातो. मात्र याचाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मुलांच्या टॉन्सिल्सवर, मुरुमांवरसुद्धा किरण सोडले जात, आणि त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचे कर्करोग झाले. त्यामुळे आज मात्रा मोजून देतात, आजूबाजूचे अवयव झाकतात आणि लहान मुलांमध्ये व गरोदरपणी हा उपाय शक्यतो टाळतात.

दुसरी मदत मिनेसोटातून आली. रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये सांधेदुखीनं जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचलं गेलं आणि काही दिवसांत त्या चालायला लागल्या. १९५० चं नोबेल या कामाला मिळालं. त्याच कुळातलं ट्रायमसिनोलोन हे औषध १९६० च्या दशकात थेट केलॉइडच्या गाठीत टोचायला सुरुवात झाली. आजही बहुतेक डॉक्टर इथूनच सुरुवात करतात. दर चार ते सहा आठवड्यांनी एक इंजेक्शन, अशी अनेक. गाठ मऊ पडते, खाज आणि दुखणं कमी होतं. तोटे? टोचताना दुखतं. आजूबाजूची कातडी पातळ होऊ शकते आणि आपल्या कातडीवर पांढुरका डाग पडू शकतो. तो पुष्कळदा काही महिन्यांनी भरून येतो, पण प्रत्येक वेळी येतोच असं नाही. आणि इंजेक्शनं अर्ध्यात सोडली की गाठ पुन्हा डोकं वर काढते.

तिसरा उपाय टेक्सासचा. गॅल्व्हेस्टनला श्रायनर्स संस्थेचं भाजलेल्या मुलांचं रुग्णालय आहे. तिथे ड्वेन लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की भाजलेल्या कातडीवर सतत दाब ठेवला तर वण सपाट होतात. १९७१ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि भाजलेल्या रुग्णांसाठीचे घट्ट कपडे जगभर पोचले. कानाच्या पाळीसाठी याचाच छोटा अवतार म्हणजे दाब देणारी क्लिपची कुडी. उपाय साधा, सुरक्षित, पण अट कडक. दिवसाचे जवळजवळ तेवीस तास, आणि किमान सहा महिने. कागदावर सोपं वाटतं. आठवीतल्या मुलीला शाळेत घालायला सांगून बघा!

चौथा उपाय सिलिकॉनच्या पट्टीचा. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांच्या वणांवर तो वापरल्याचं लिहिलं. पट्टी कातडीतला ओलावा धरून ठेवते, हे त्यामागचं मुख्य कारण मानतात. दिवसाचे बारा तास किंवा जास्त, काही महिने. दुखत नाही, घरच्या घरी होतं, दुकानात मिळतं. पण पट्टीचा खरा उपयोग नव्या टाक्यांवर, वण वाढू नये म्हणून. जुनी, उभी राहिलेली गाठ नुसत्या पट्टीनं सहसा बसत नाही.

बाकीचे भरभर सांगतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गाठ गोठवतात. लहान गाठींवर चालतं, पण वरून फवारलं तर रंगपेशी मरतात आणि सावळ्या कातडीवर पांढरा चट्टा उठतो. गाठीच्या आत सुई घालून गोठवायची पद्धत २००३ च्या सुमारास इस्राएलमधून आली, ती याच कारणानं. १९८० च्या दशकात कार्बन डायऑक्साइड लेझरनं गाठ कापायची मोठी हवा झाली. पण लेझर असो की सुरी, कापणं ते कापणंच. गाठी परत आल्या. त्यानंतरचे वेगळे लेझर लाली आणि खाज कमी करतात, तेही बहुधा इंजेक्शनांच्या जोडीनं. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात १९५७ मध्ये कर्करोगासाठी तयार झालेलं ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका त्वचातज्ज्ञांनी केलॉइडमध्ये टोचून पाहिलं. आज ते स्टेरॉइडबरोबर मिसळून वापरतात. गरोदर बायकांना ते देत नाहीत. आणि आजीच्या बटव्यातले कांद्याचा रस, लिंबू, हळद? उभी गाठ त्यानं जात नाही. लिंबानं कातडी मात्र जळते.

(छोटा विराम)

तर माझा तक्ता शेवटी काय म्हणाला? मला वाटलं होतं एकेका उपायाला गुण देऊ आणि पहिला नंबर काढू. पण केलॉइडवर असा एकटा पहिला नंबर नाहीच. कापायचं असेल तर कापल्यानंतरचा उपाय आधी ठरवायचा: इंजेक्शनं, दाब किंवा किरण. आणि यश महिन्यानं मोजायचं नाही. महिन्यानं सगळेच उपाय सुंदर दिसतात. वर्षानं, शक्य तर दोन वर्षांनी मोजायचं.

याच कारणासाठी आपल्यातल्या एका सवयीबद्दल बोलतो. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जायचं. दातांची कामं, चष्मे, सोनाराकडे मंगळसूत्र वाढवून घेणं, आणि त्यातच ‘ती गाठही कापून घेऊ, तिकडे स्वस्त पडतं’. मंडळी, भारतातले डॉक्टर उत्तम आहेत, प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न तीन आठवड्यांचा आहे. केलॉइडचा उपचार सहा महिने, वर्षभर चालतो. टाके घालणारा पुण्यात आणि पुढची इंजेक्शनं न्यू जर्सीत कोण देणार ते ठरलेलं नाही, असं असेल तर गाठ परतीचं तिकीट काढूनच बसलेली असते. कुठेही करा, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच्या देखरेखीखाली करा.

डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा. हा केलॉइडच आहे की नुसता जाड वण? कापलं तर त्यानंतर काय, आणि किती दिवसांत सुरू? माझ्या कातडीच्या रंगावर याचा काय परिणाम होईल? आणि वर्षभर तुम्ही मला तपासत राहणार का? विम्याचंही आधीच बघा. पुष्कळ कंपन्या केलॉइडला नुसता दिसण्याचा प्रश्न समजून पैसे नाकारतात. खाज, दुखणं, झोपमोड, मान वळवायला अडचण असं काही असेल तर ते डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलं जातंय ना, याची खात्री करा. आपल्याकडे सोसायची सवय असते. ‘खाज येते थोडी, पण ठीक आहे’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि कागदावर काहीच उरत नाही.

आणि घरात कुणाला केलॉइड असेल तर बाकीच्यांनीही सावध राहा. सिझेरियन, बायपास, थायरॉइडची शस्त्रक्रिया, नाक टोचणं, टॅटू, यांतलं काहीही करण्याआधी ‘आमच्याकडे वण वाढतात’ एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगा. कानांचंच म्हणाल तर २००५ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात एक छोटी पाहणी आली होती. अकराव्या वर्षानंतर कान टोचलेल्यांमध्ये केलॉइडचं प्रमाण त्याआधी टोचलेल्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं. पाहणी लहान होती, त्यावरून नियम काढू नये. पण ती वाचताना सहाव्या महिन्यात टोचा म्हणणारा सुश्रुत मला आठवला, आणि तेराव्या वर्षी मॉलमध्ये नेणारा मीही आठवलो.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं? दुसऱ्या डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी इंजेक्शनं देऊन गाठ मऊ केली. मग ती काढली, त्याच दिवशी कडेला पुन्हा इंजेक्शन दिलं, आणि पुढे दर महिन्याला बोलावलं. टाके भरल्यावर दाबाची कुडी आली. तिच्या आईनं त्यावर एक छोटा मोती बसवून घेतला, म्हणून ती घालायला मुलगी तयार झाली. आता दोन वर्षं होऊन गेली. पाळीमागे एक पुसटशी रेघ आहे आणि तांदळाएवढा फिकट डाग. वेणी परत आली आहे. डॉक्टर अजून सहा महिन्यांनी बोलावतात, आणि आम्ही जातो.

तुमच्या घरी कुणाचा वण असा वाढत असेल तर तो झाकू नका, दाखवा. आजचा सोनार म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. त्याच्याकडे आधी जा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार!